"सगळं ओरिजिनल आहे साहेब" : हे वाक्य आता पावतीवर लिहून द्या!

पोस्ट मोठी आहे. पण घरात आजोबांचं, वडिलांचं एखादं जुनं स्विस घड्याळ असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आमच्या एका मित्राचे वडील मालवाहू जहाजावर होते. साठच्या दशकात त्यांनी परदेशातल्या बंदरावर ओमेगा घेतलं, आयुष्यभर हातावर वागवलं. ते गेल्यावर मुलानं प्रेमापोटी ते मोठ्या शहरातल्या एका दुकानात सर्व्हिसिंगला दिलं. परत आलं ते नव्या नवरीसारखं चमकत. दुकानदार म्हणाला, "सगळं ओरिजिनल आहे." पावतीवर लिहिलं होतं फक्त "सर्व्हिसिंग".

यंदा मुलीच्या ॲडमिशनसाठी ते विकायची वेळ आली. घेणाऱ्यानं डोळ्याला भिंग लावलं आणि अर्ध्या मिनिटात खाली ठेवलं. डायल पुन्हा रंगवलेली, काटे दुसऱ्याच घड्याळाचे, केस घासून घासून कडा गोल झालेल्या. भाव निम्म्याहूनही खाली. जुने काटे कुठे गेले? दुकानदाराला "आठवत नाही".

मित्राला पैशाचं वाईट वाटलंच. पण तो म्हणाला ते जास्त लागलं : "अरे, बाबा ज्या काट्यांकडे बघत होते, ते काटेच राहिले नाहीत."

माझा राग पार्ट बदलण्यावर नाही. काच तडकते, स्प्रिंग तुटते, रबरी रिंग कुजते. ते बदलावंच लागतं. माझा राग आहे "ओरिजिनल" या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी खपवण्यावर.

१. कारखान्यातून घड्याळासोबत आलेला, तोच पार्ट.
२. कंपनीनंच बनवलेला, पण नंतर सर्व्हिसिंगमध्ये बसवलेला.
३. त्याच कंपनीच्या दुसऱ्या जुन्या घड्याळातून काढलेला.
४. बाहेर बनवलेला किंवा रंगवलेला, वर कंपनीचं नाव छापलेला.

चौथा तर सरळ नकली. पण दुसरा आणि तिसराही "ओरिजिनल" म्हणूनच विकतात. अस्सल पार्ट आणि त्याच घड्याळाचा पार्ट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि जुन्या घड्याळाची किंमत त्या फरकावरच ठरते.

आपल्यासारख्या खेड्यातल्यांनाच फसवतात असं समजू नका. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात १९५७ चं म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर एकतीस लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. घेतलं कुणी? खुद्द ओमेगानं, आपल्या संग्रहालयासाठी! आणि २०२३ मध्ये त्याच कंपनीनं जाहीर केलं की ते घड्याळ इकडून तिकडून पार्ट जुळवून बनवलेलं होतं, आणि त्यात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. ज्यांनी घड्याळ बनवलं तेच फसले. तिथं आपण काय चीज!

आणि लाज वाटावी अशी गोष्ट : डायल पुन्हा रंगवून, भडक करून विकलेल्या जुन्या घड्याळांना जगभरचे शौकीन "मुंबई स्पेशल" म्हणतात. आपल्या राजधानीचं नाव फसवणुकीचा शिक्का झालंय. तरी आपण फोनवर फोटो बघून "वा, काय चकाचक!" म्हणतो आणि पैसे पाठवतो. चकाचक हीच पहिली शंका असायला हवी. साठ वर्षांच्या माणसाच्या तोंडावर एकही सुरकुती नसेल तर आपण विचारतोच ना?

घेताना, विकताना एवढं तरी बघा :

▪️ भिंगातून डायलवरची अक्षरं. कंपनीची छपाई रेखीव असते. हातानं रंगवलेल्यात अक्षरं जाड-बारीक होतात, मिनिटांच्या रेघा वाकड्या बसतात.

▪️ सहाच्या आकड्याखाली "स्विस"च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी "टी" आहे का? तो ट्रिटियमचा. ही खूण साठच्या दशकात आली. १९५५ चं घड्याळ म्हणतात आणि डायलवर "टी"? मग डायल नंतरची.

▪️ अंधारात चमकणाऱ्या सगळ्यालाच आपण "रेडियम" म्हणतो. पण ट्रिटियमचा जोर साधारण सव्वाबारा वर्षांत निम्मा होतो. पन्नास वर्षांचं घड्याळ रात्रभर लख्ख चमकत असेल तर तो रंग नवा आहे. डायलवरचा रंग आणि काट्यांवरचा रंग वेगळा दिसला, तरी विचारा. (खूप जुन्या घड्याळात खरंच रेडियम असतं. खरवडून बघू नका.)

▪️ जुन्या ओमेगाचा अनुक्रमांक मशीनवर असतो, मॉडेलचा नंबर मागच्या झाकणाच्या आत. दोन्ही एका काळातले हवेत. जुन्या रोलेक्सचे नंबर पट्टा काढल्यावर केसच्या बाजूला दिसतात. झाकण उघडून दाखवायला जो तयार नाही, त्याला नमस्कार करून निघा.

कुणी म्हणेल, हे श्रीमंतांचे चोचले, पाणी-रस्त्यावर लिहा. लिहितोच की. पण श्रीमंताकडे दहा घड्याळं असतात आणि सल्ला द्यायला माणसं. आपल्या घरात एकच असतं, कपाटात, रुमालात गुंडाळलेलं. अडीअडचणीला तेच बाहेर निघतं. फसवणुकीचा खरा मार तिथंच बसतो.

आणि आपल्या स्टँडजवळच्या टपरीत डोळ्याला भिंग लावून बसलेल्या कारागिरावर राग काढू नका. त्यातले कितीतरी जण जुना पार्ट कागदाच्या पुडीत बांधून परत देतात. गिऱ्हाईक ती पुडी कचऱ्यात टाकतं, ही आपली अक्कल!

म्हणून मागणी साधी आहे. काय बदललं ते पावतीवर पार्टनिशी लिहा. नवा कुठला, कंपनीचा की बाहेरचा, तेही लिहा. जुना पार्ट परत द्या. आणि ग्राहकाला विचारल्याशिवाय डायलला हात लावू नका, केस घासू नका.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं आणि मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापार प्रथा आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण तक्रारीला कागद लागतो. "तोंडी सांगितलं होतं" याला किंमत शून्य.

मित्राला मी तेच विचारलं, "पावती बघितली होतीस का रे?" तो गप्प बसला.

तुम्ही गप्प बसू नका. दुकानातून निघण्याआधीच विचारा. आणि घरात रुमालात बांधलेलं घड्याळ असेल तर आजच झाकणासकट त्याचे फोटो काढून ठेवा, दुरुस्तीला देण्याआधी.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी आहेच.