रॅलीला हो, सरावाला का नाही?

गुढीपाडवा आला की वर्तमानपत्रात एक फोटो ठरलेला असतो. गिरगाव असो, डोंबिवली असो की आमचं पुणं. नऊवारी, नथ, डोक्याला फेटा, डोळ्यांवर गॉगल आणि खाली ऐटबाज बुलेट. फोटो छानच असतो, मलाही आवडतो. पण शोभायात्रा असते दोन-तीन किलोमीटरची, पहिल्या-दुसऱ्या गियरमधली आणि वर्षातून एकदाच. तेवढ्यापुरतं सगळं घर कौतुकाने टाळ्या वाजवतं. हीच बाई तीच बुलेट काढून दर रविवारी गावाबाहेर दोन-तीनशे किलोमीटर जायला लागली, की त्याच घरात हळूच प्रश्न सुरू होतात.

हे सुचायचं कारण म्हणजे आमचा अकराजणींचा गट. डिसेंबरात आम्ही मोटरसायकलवरून पुणे ते कन्याकुमारी जाणार आहोत. कोल्हापूर, हुबळी, बंगळुरू, मदुराई असं करत सुमारे दीड हजार किलोमीटर, चार दिवसांत. गटात शिक्षिका आहेत, एक दातांची डॉक्टर आहे, बँकेतली एक बावन्न वर्षांची ताई आहे. मोहिमेला परवानगी (हो, हा शब्द आपल्याकडे अजून आहेच) सगळ्याजणींना मिळाली. काहींना तर जाकिटं घरच्यांनीच भेट दिली. अडलं ते सरावाच्या राइडपाशी. ताईंना घरी विचारण्यात आलं, "रॅलीला जा की, आमचं काही म्हणणं नाही. पण त्याआधी चार-चार रविवार कशाला? गाडी येते ना तुला चालवता?"

प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण गाडी चालवता येणं आणि दिवसाला चारशे किलोमीटर गाडीवर बसता येणं यात फार मोठं अंतर आहे. घरातलीच गोष्ट घ्या. दिवाळीच्या चकलीचा पहिला घाणा आपण चाचणीचाच काढतो ना? चकली तुटली की मोहन जास्त झालं, कडक झाली की कमी पडलं. मग पुढचं पीठ सुधारून घेतो. पाहुणे दारात उभे असताना कुणी पहिला घाणा काढत नाही. इथे तर बिघडणार ती चकली नाही, हाडं आहेत.

आमची पहिली मोठी सरावफेरी गेल्या महिन्यात झाली. पहाटे साडेपाचला कात्रजहून निघालो. खंबाटकी घाट चढून सुरूरला वळलो, मग वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर. परतताना केळघर-मेढ्यावरून सातारा आणि हायवेने पुणं. साधारण पावणेतीनशे किलोमीटर. सामानही मुद्दाम चार दिवसांचं बांधलं होतं. एकीच्या नवऱ्याने विचारलंच, "एका दिवसासाठी एवढं बोचकं?" पण रिकामी गाडी आणि भरलेली गाडी या दोन वेगळ्या गाड्या असतात. मागे वजन पडलं की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त जागा घेते, वळणावर वेगळी झुकते. टायरमध्ये हवाही कंपनीने जास्त वजनासाठी सांगितलेली भरावी लागते, आणि ती तपासायची टायर थंड असताना.

त्या एका दिवसाने जे शिकवलं, ते कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं. एकीच्या बॅगेचा पट्टा सायलेन्सरला टेकून वितळला. रेनसूट सगळ्यांनीच बॅगेच्या तळाशी ठेवला होता. पसरणीच्या वळणांवर सारखा क्लच दाबून दोघींचा डावा हात बधिर झाला, तेव्हा कळलं की क्लचची केबल नीट लावून घ्यायला हवी आणि हाताचा व्यायामही हवा. केळघर घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर विसंबायचं नाही, खालच्या गियरमध्ये गाडी ठेवून इंजिनलाच वेग आवरू द्यायचा, हे अंगात मुरलं. सुरूरच्या वळणावर मागच्या दोघी सरळ साताऱ्याकडे निघाल्या, तेव्हापासून नियमच झाला. वळण आलं की मागची दिसेपर्यंत पुढचीने थांबायचं. सगळ्यात हळू चालवणारीच्या वेगाने गट चालतो, आणि शेवटी असते ती अनुभवी. हे कन्याकुमारीच्या वाटेवर पहिल्यांदा कळण्यापेक्षा मेढ्याला कळलेलं बरं नाही का?

गाडीचंही तसंच. सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करून आणलं तर मेकॅनिकने सैल ठेवलेला बोल्ट तुम्हाला कर्नाटकात सापडणार. आधी सर्व्हिसिंग, मग तीनेकशे किलोमीटरची फेरी, मग जे निघेल ते दुरुस्त, हा खरा क्रम. साखळीला तेल तर पाचेकशे किलोमीटरला लागतंच. गॅरेजमध्ये मात्र प्रश्न मी विचारते आणि मेकॅनिक उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून देतो. नवरा बिचारा स्कूटरवाला, तो माझ्याकडे बघतो!

आता एक अवघड विषय. शहरात चालून जातं ते हायवेवर चालत नाही, ते म्हणजे बाथरूम. पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह फुकट मिळायला हवं असा तेल कंपन्यांचा नियमच आहे. आम्ही थांबलो त्या तीन पंपांपैकी एका ठिकाणी कुलूप होतं आणि चावीवाला जेवायला गेला होता. दुसऱ्या ठिकाणी आत पाय ठेवण्याची सोय नव्हती. मुंबईत २०११पासून महिला संघटनांनी 'राइट टू पी' ही चळवळ याचसाठी चालवली, पण हायवे अजून तिच्यापासून लांबच दिसतो. मग आपण काय करतो? आई-आजीने शिकवलेला उपाय, पाणीच प्यायचं नाही. जाकीट, हेल्मेट आणि उन्हात हा उपाय घातक आहे. अंगातलं पाणी कमी झालं की डोकं दुखतं, लक्ष उडतं, आणि दुचाकीवर लक्ष उडणं म्हणजे काय ते सांगायला नको. सरावफेरीत आम्ही थांबे लिहून काढले, कुठलं बाथरूम चालतं ते टिपलं. पाळीच्या दिवसांत काय सोय करायची तेही प्रत्येकीने आपापलं तपासून घेतलं. नकाशा असा तयार होतो, बाई.

बाईने गाडी चालवणं तसं आपल्याला नवं नाही. १९७२ साली पुण्यातूनच लूना आली आणि कितीतरी बायकांचं जग त्या मोपेडने मोठं केलं. तरी मोटरसायकलच्या बाबतीत नियमसुद्धा बाईला मागेच बसवतात. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून अर्धं चाक झाकणारी जाळी केंद्रीय मोटार वाहन नियमांत सक्तीची आहे. 'साडीगार्ड' हे तिचं आपण ठेवलेलं नाव. जाळी चांगलीच, ती हवीच. पण पुढे बसलेल्या बाईच्या सोयीची अशी एक तरी गोष्ट गाडीवर दाखवा बघू. अमेरिकेत १९१६ साली ऑगस्टा आणि अ‍ॅडलिन व्हॅन ब्युरेन या बहिणींनी न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत मोटरसायकली नेल्या. बायकाही सैन्यात निरोप पोचवण्याचं काम करू शकतात, हे त्यांना दाखवायचं होतं. देश ओलांडून दाखवला, तरी सैन्याने त्यांना घेतलं नाही. कौतुक व्हावं पण काम मिळू नये, ही तऱ्हा शंभर वर्षांहून जुनी आहे.

घरच्यांची काळजी खोटी असते असं मी म्हणणार नाही. हायवेवरचे अपघात आपण रोज वाचतो. पण काळजी वाटते म्हणून सराव अडवणं म्हणजे पोहता येत नाही म्हणून पाण्यात उतरू न देणं, आणि एक दिवस थेट समुद्रात सोडणं. काळजी असेल तर उलट म्हणा, "अजून दोन फेऱ्या कर, मग जा."

आणि थोडं आपल्याबद्दलही. पहाटे साडेपाचला निघायचं असताना आमच्यातल्या निम्म्या जणी शनिवारी रात्री अकरापर्यंत ओट्याशी उभ्या होत्या. रविवारची भाजी, कणीक, सासूबाईंच्या गोळ्या, मुलांचे डबे. घर सोडून जाण्याचा दंडच जणू आदल्या रात्री भरायचा! चार तासांच्या झोपेवर बाईने घाट चढायचा आणि मग म्हणायचं, बायकांना मोटरसायकल झेपत नाही. झेपत नाही ती मोटरसायकल नव्हे, ती आदली रात्र आहे.

म्हणून मैत्रिणींनो, मोठ्या मोहिमेला होकार मिळवताना चार रविवार आणि चार शनिवारच्या रात्री आधी मागून घ्या. गवयाच्या घरी रियाजाची वेळ मोडत नाहीत, तशी ही मोडू देऊ नका. आणि घरच्यांनो, गेटपाशी नारळ फोडून, हार घालून फोटो काढाल तेव्हा काढा. त्याआधीच्या शनिवारी रात्री ओट्याशी तुम्ही उभे राहा आणि तिला नऊ वाजता झोपायला पाठवा. हारापेक्षा ही मदत तिला दीड हजार किलोमीटर पुरेल.