जुन्या कपाटाचा जीर्णोद्धार

गिरगांवांतील एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांची चाळ पुनर्बांधणीसाठीं रिकामी होत आहे. घरांत आजेसासऱ्यांचें सागवानी कपाट आहे. तें भंगारवाल्यास द्यावें असें दीरांचें मत, तर घरींच दुरुस्त करून नव्या जागेंत न्यावें असें भगिनींचें. दीरांची क्षमा मागून आम्ही भगिनींचा पक्ष घेतों.

मुंबईच्या जुन्या घरांतून अशीं कपाटें आढळतात याचें एक कारण ब्रह्मदेशचा साग. मोलमीनहून तो जहाजांनीं येत असे; १८६३ सालीं येथें निघालेली 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' याच व्यापारांत नांवारूपास आली. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाहीं. कपाट काळें पडलें व डुगडुगूं लागलें, तरी बहुधा वर मळ असतो आणि आंत सांधे सैल झालेले असतात, इतकेंच. पाठीमागची फळी मात्र पुष्कळदां हलक्या लांकडाची असते. तिच्यांतून पिठासारखा भुसा गळत असेल तर तेवढी बदलावी.

कोमट साबणपाण्यांत फडकें बुडवून घट्ट पिळावें व त्यानें पुसावें. पाणी ओतूं नये. जुने सुतार सांधे सरसानें जोडीत, आणि सरस गरम पाण्यानें सुटतो. चाळींतून ढेकणांवर उकळतें पाणी ओतण्याची चाल होती. तिनें ढेकूण किती मेले कोण जाणे, पलंगांचे सांधे मात्र निखळले! परंतु हाच सरसाचा गुणहि आहे. सैल सांधा ऊन फडक्यानें शेकून उघडतां येतो, साफ करून पुन्हां जोडतां येतो. १९५९ सालीं आलेलें फेव्हिकॉल बळकट खरें, पण तो सांधा पुढें उघडूं गेल्यास लांकूडच फाटतें. सरस जनावरांच्या कातड्याहाडांचा, म्हणून सोंवळ्यांतील मंडळी नाकें मुरडीत, आणि त्याच सरसाच्या कपाटांत फराळाचे डबे ठेवीत.

पावसाळ्यांत या कामास हात लावूं नये. श्रावणांत खण फुगून अडकतो म्हणून रंधा मारला, कीं मार्गशीर्षांत तोच खण खुळखुळतो. दमट हवेंत लाखेचें पॉलिशहि पांढरें पडतें. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. एक लीटर स्पिरिटांत सुमारें दीडशें ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवून गाळावी व कापडांत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्यानें पातळ पातळ हात द्यावे. जवळपास विस्तव नसावा. जुनी लाख स्पिरिटानें विरघळून पुन्हां सारखी बसते. ती खरवडावी लागत नाहीं.

हें आम्हांस उशीरा कळलें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं दादरच्या घरीं, शाळेस सुटी लागतांच, आम्हीं वडिलांच्या कपाटावर कांचकागद चालविला. बाहेरची बाजू झाली. उत्साह उरला होता, म्हणून दाराची आंतली बाजूहि घासली. त्या बाजूस मातोश्री दर पाडव्यास आम्हां भावंडांना उभें करून पेन्सिलीनें उंचीची रेघ ओढीत व शेजारीं वर्ष लिहीत. आमच्या धाकट्या बंधूस देवाज्ञा झाली तेव्हां तो सहा वर्षांचा होता. त्याच्या रेघा तेथेंच थांबल्या होत्या. आमच्या ध्यानांत आलें तेव्हां लांकूड लख्ख निघालें होतें. मातोश्रींनीं संध्याकाळीं दार उघडलें, त्या जागेवर हात ठेवला, आणि "कपाट चांगलें झालें" एवढेंच म्हणाल्या. तेव्हांपासून ओल्या फडक्यानें जें निघत नाहीं तें आम्ही राहूं देतों.

भगिनींनीं प्रथम दारांच्या आंतल्या बाजू उजेडांत पाहाव्या. मग नव्या घराचें दार व जिना मोजावा, कारण दीरांचा पुढचा आक्षेप तोच असेल. तरीहि त्यांचें मन वळलें नाहीं, तर त्यांना भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत न्यावें. तें १८७२ सालीं लोकांस खुलें झालें, आणि त्याच्या जीर्णोद्धारास २००५ सालीं युनेस्कोचें पारितोषिक मिळालें. तेथील जुनीं लांकडी कपाटें पाहावीं. बुधवारीं मात्र तें बंद असतें.