डॉल्फिन दिसला की होडी थांबवायला सांगा

नाताळच्या सुट्टीत तारकर्ली, देवबाग, दापोली, गुहागरकडे निघालेल्या प्रत्येकाला कळकळीची विनंती आहे: होडीवाल्याला डॉल्फिनच्या मागे लागायला लावू नका.

देवबागच्या संगमावर सकाळी उभं राहून पाहा. पाण्यातून करडी पाठ वर येते, पाठीवर उंचवटा, त्यावर इवलासा पर. फुस्स करून श्वास सुटतो. तेवढ्यात कुणीतरी ओरडतं आणि चहूबाजूंच्या होड्या तिकडेच सुटतात. पाठ बुडते ती दूर कुठेतरी वर येते, की सगळ्यांची तोंडं पुन्हा तिकडे.

हा हंपबॅक डॉल्फिन. खोल समुद्र त्याचा नव्हेच. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी आणि खाड्यांची मुखं एवढंच त्याचं घर. म्हणजे नेमकं तेच पाणी, जिथे आपल्या होड्या फिरतात. त्याला पळून जायला दुसरी जागा नाही. वाट, भक्ष्य आणि सोबती तो आवाजावर ओळखतो, आणि इंजिनांच्या घरघरीत तेच हरवतं. पिल्लू आईच्या कुशीला लागून, पाण्याखाली, थोडं थोडं दूध पितं. त्यासाठी आईला संथ पोहावं लागतं. पाठलाग सुरू झाला की पिल्लाचं पिणं तुटतं. ही जात आज जगभर धोक्यात आहे, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन वाघाच्याच बरोबरीने पहिल्या अनुसूचीत आहेत.

जाळ्यात अडकून मरणारे डॉल्फिनही आहेत, तो प्रश्न मोठा आणि अवघड आहे. पण पाठलाग आजच्या आज थांबू शकतो, कारण तो आपल्याच हट्टापायी होतो. ‘अजून जवळ घ्या’ म्हणणारे आपण, आणि जवळ नेलं की वर बक्षिसी देणारेही आपणच. होडीवाल्या दादांचं पोट या हंगामावर आहे. गिऱ्हाईक मागेल ते ते देणारच. म्हणून मागणं बदला. बसण्यापूर्वीच सांगा: ‘दादा, निदान पन्नास मीटर लांब राहू, पुढून आडवं जायचं नाही. आधीच दोन होड्या असतील तर आपण थांबू. नाही दिसला तरी पैसे पूर्ण देऊ.’ हे शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे. वेग हळूहळू कमी करून होडी स्थिर ठेवली, तर कधी कधी डॉल्फिन आपणहून जवळ येतात. पंधरा मिनिटांत तिथून निघा. देवमासा दिसलाच तर अंतर दुप्पट ठेवा. खायला काही टाकू नका, वेफर्सची पाकिटं परत आणा.

दादांनो, तुम्हालाही विनंती. गिऱ्हाईक ओरडलं तरी सुकाणू तुमच्या हातात आहे. पिल्लू सोबत असेल तर होडी वळवाच.

आणि किनाऱ्यावर डॉल्फिन किंवा देवमासा जिवंत लागलेला दिसला, तर शेपटीला धरून ओढू नका, सेल्फीसाठी गर्दी करू नका. अंगावर ओलं कापड घाला, डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मोकळं ठेवा, त्यात पाणी जाऊ देऊ नका आणि लगेच वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.