रुग्ण आहेत, परिचारिका आहेत, नोकरी कोठे?

गोंदिया जिल्ह्यात परिचर्येचे शिक्षण पूर्ण केलेल्या मुलीला नोकरीसाठी वणवण करावी लागावी, हे वरवर पाहता चमत्कारिक वाटते. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यातील तालुक्यांत रुग्णांची वानवा नाही. परंतु रुग्णाची गरज म्हणजे नोकरी नव्हे. त्या गरजेच्या पाठीशी कोणाचा तरी पैसा उभा राहतो, तेव्हाच जागा निर्माण होते.

हा पैसा तीन वाटांनी येतो. पहिली वाट रुग्णाच्या खिशाची. धानावर जगणाऱ्या कुटुंबाचा खिसा तो केवढा! साहजिकच लहान खासगी रुग्णालयांच्या काटकसरीची कुऱ्हाड परिचारिकेच्या वेतनावर पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयांतही दरमहा किमान २०,००० रुपयांची शिफारस केली. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे.

दुसरी वाट आरोग्य योजनेची. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी राज्य योजना ठरावीक उपचारांचा खर्च रुग्णालयास चुकता करते. अवघड शस्त्रक्रियांसाठी गोंदियाचा रुग्ण नागपूर गाठतो. त्याच्यामागून योजनेचा पैसा जातो आणि पैशामागून परिचारिकाही.

उरते ती सरकारी तिजोरीची वाट. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने खेड्यापाड्यांत जागा दिल्या खऱ्या, पण बव्हंशी कंत्राटी. दहा वर्षे सेवा झालेल्यांना कायम करावे, या मागणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये या अभियानातील कर्मचाऱ्यांना राज्यभर संप करावा लागला. आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे २०१७ च्या धोरणातील उद्दिष्टही गाठले गेले नाही. तिजोरी आखडली की नियमित पद रिकामे राहते आणि त्याच कामावर कमी मानधनाची परिचारिका उभी केली जाते.

अशा स्थितीत नवी प्रशिक्षण विद्यालये काढण्याने प्रश्न सुटत नाही. उमेदवार वाढतात आणि वेतन आणखी उतरते. ज्या जिल्ह्यात रुग्णाचा खिसा रिता आहे, तेथे नोकरी निर्माण करण्याची जबाबदारी शासनाला टाळता येणार नाही. गोंदियात २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, ही मोठीच सोय झाली. पण खाट मांडून भागत नाही. रात्रपाळीला त्या खाटेशेजारी कोण उभे राहणार, याची तरतूद अंदाजपत्रकात नियमित पदाच्या रूपानेच दिसली पाहिजे.