हँडलचा मोठा नट निघत नाही तेव्हा

मोटारसायकलचं हँडल सरळ आलं की किंचित अडतं, खड्ड्यात गेलं की पुढून टकटक आवाज येतो, ही तक्रार पुष्कळ घरांत आहे आणि पुष्कळ घरांत ती तशीच रेटली जाते. रेटू नका. त्याच गाडीवर मागं घरधनीण बसते, मध्ये पोर असतं. अडणाऱ्या हँडलची गाडी ओल्या रस्त्यावर झोला खाते आणि सावरायला सवड मिळत नाही.

हँडलखाली चौकटीच्या नळीत एक दांडा उभा असतो. गॅरेजवाले त्याला ‘टी’ म्हणतात. त्याच्या वर आणि खाली वाट्या व छर्रे असतात, तो कोनसेट. वाट्यांना खळगे पडले की हँडल अडतं आणि कोनसेट बदलावा लागतो. त्यासाठी दांड्याच्या डोक्यावरचा मोठा नट काढायचा. नेमका तोच हटून बसतो!

हटून का बसतो? निम्मा दोष आपलाच. विहिरीवरच्या मोटरीचा पाईप हँडलवर धरून आपण गाडी धुतो. ग्रीस निघून जातं, पाणी आत राहतं. शिवाय खताची गोणी टाकीवर आडवी टाकून आणायची आपली रीत. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे एक प्रकारचं मीठच. ते सांडलं, ओल धरली, की लोखंड खायला लागतं.

आता कामाचं. नटाभोवतीची घाण तारेच्या ब्रशनं काढा. गंज सोडवायचं तेल असेल तर उत्तम, नसेल तर डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑईल मिसळून आट्यांवर सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पुन्हा सोडा. हा एक दिवस ज्याला धीर धरवत नाही, त्याचाच नट पुढं बिघडतो.

काही गाड्यांत वरच्या प्लेटला मागून दांडा आवळणारा एक छोटा बोल्ट असतो. तो आधी ढिला करा. तो तसाच ठेवून मोठ्या नटाशी झुंजणारे महाभाग गावोगाव आहेत.

पाना मापाचा हवा, सहा कोनांचा बॉक्स पाना सगळ्यांत बरा. ॲडजस्टेबल पाना कोपरे खातो, आणि छिन्नी-हातोडी तर नकोच. चाक जमिनीवर टेकलेलं राहू द्या आणि जोडीदाराला पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरायला सांगा. हँडल लॉकच्या भरवशावर जोर लावू नका, लॉक मोडेल. आट्या उजव्या असतात, म्हणजे वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायचं. पण पहिल्यांदा नट आवळायच्या बाजूला जरासा हलवून बघा. गंजाची पकड पुष्कळदा तिथंच तुटते. मग उलटा झटका द्या. लोंबकळून दाबण्यापेक्षा छोटे झटके बरे.

तरीही हटला नाही, तर उष्णता. पण पेट्रोलची टाकी तिथंच आहे, हे विसरू नका. टाकी उतरवून लांब ठेवायची, सांडलेलं तेल पुसायचं, वायरी बाजूला करायच्या, मगच ज्योत जवळ न्यायची. २०२० च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-सहा गाड्यांत बहुतेक ठिकाणी इंधनाचा पंप टाकीतच असतो. ती टाकी घरी उतरवू नका, गाडी कारागिराकडे न्या.

कोपरे गोल झाले असतील तर दोन वाटा. एक, वेल्डिंगवाल्याकडून त्यावर दुसरा नट जोडून घ्यायचा. त्या वेळीही टाकी उतरवलेली हवी, बॅटरीच्या वायरी सोडलेल्या हव्यात, आणि अर्थिंगचा चिमटा नटाजवळच लावायला सांगा, नाहीतर करंट छर्ऱ्यांतून जातो. दुसरी वाट मला जास्त पसंत. हॅकसॉ ब्लेडनं नटाच्या एका बाजूला उभी चीर पाडायची, आट्यांना लागायच्या थोडं आधी थांबायचं, आणि चिरेत छिन्नी घालून हलकेच फाकवायचं. छिन्नी वापरायची ती इथंच. नट जातो, पण दांड्याच्या आट्या वाचतात. नट स्वस्त, ‘टी’ महाग.

नट निघाला की इंजिनखाली लाकडी ठोकळा लावून पुढचा भाग उचला. खालचा खाचांचा नट हुक पान्यानं फिरवा. तो सुटला की दांडा खाली सरकतो आणि छर्रे टपटप गळतात, म्हणून आधी जुनं धोतर अंथरा. छर्रे जुने परत बसवू नका. वाट्या आणि छर्रे एकदमच बदला. वर किती, खाली किती, हे मोजून ठेवा.

बसवताना भरपूर ग्रीस. खाचांचा नट इतकाच आवळा, की काटा पुढं-मागं ओढला तर खेळ जाणवू नये आणि चाक अधांतरी असताना हँडल आपल्या वजनानं दोन्ही बाजूंना पडावं. मग वरचा नट आवळा आणि तीच परीक्षा परत घ्या, कारण वरचा आवळताना खालचा थोडा सरकतो. ढिला केलेला छोटा बोल्ट शेवटी आठवणीनं आवळा. शंभर-दोनशे किलोमीटर झाले की पुन्हा एकदा हात लावून बघा. नव्या वाट्या बसताना थोडी जागा सोडतात.