चोवीस एप्रिलचा जमाखर्च

आज २४ एप्रिल. सचिन तेंडुलकर यांचा जन्मदिवस म्हणून ही तारीख या शहरातील शाळकरी मुलालाही तोंडपाठ आहे. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांची पुण्यतिथी म्हणून ती ओळखणारे मात्र वर्षानुवर्षे कमी होत चालले असावेत, अशी आमची समजूत आहे. ती चुकीची ठरली तर आम्हांला आनंदच होईल. १९४२ साली याच दिवशी दीनानाथ पुण्यात निवर्तले. १९७३ साली याच दिवशी दादरला तेंडुलकरांचा जन्म झाला. १९९८ साली याच दिवशी, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, त्यांनी शारजाच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १३१ चेंडूंत १३४ धावा काढून अंतिम सामना भारताला जिंकून दिला. मराठी मुलखाबाहेर पाहावे, तर १९२९ साली याच तारखेला गाजनूर गावी कन्नड चित्रपटसृष्टीचे आराध्यदैवत राजकुमार जन्मले. आणि ज्या दिवशी दीनानाथांनी डोळे मिटले त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात बार्ब्रा स्ट्रायसँड या पुढे जगद्विख्यात झालेल्या गायिकेचा जन्म झाला.

आम्ही शाळेत शिकवीत होतो त्या काळी फळ्याच्या कोपऱ्यात दिनविशेष लिहिण्याची प्रथा होती. जन्म, मृत्यू, विक्रम, सारे एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत लिहावयाचे आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून टाकावयाचे. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ह्या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध काय?" आम्ही तत्परतेने उत्तर दिले, "काही नाही." उत्तर बरोबरच होते. तारखांच्या योगायोगात गूढ अर्थ शोधण्याचा उद्योग ज्योतिष्यांनी करावा. त्याची आम्हांस हौस नाही. तथापि आज तो विद्यार्थी पुन्हा समोर उभा राहिला, तर आम्ही त्याला थोडे अधिक सांगू. दिनदर्शिकेने जवळजवळ बसविलेल्या दोन माणसांची खाती उघडून पाहिली, तर त्या माणसांविषयी नव्हे, पण त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या समाजाविषयी बरेच काही कळते.

प्रथम दीनानाथांचे खाते पाहू. १९०० सालच्या डिसेंबरात गोमंतकातील मंगेशी येथे जन्मलेला हा मुलगा आवाजाच्या बळावर कोवळ्या वयातच किर्लोस्कर नाटक मंडळीत आला. १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्या साथीने त्यांनी बलवंत संगीत मंडळी स्थापन केली, तेव्हा त्यांनी अठरावे वर्षही ओलांडले नव्हते. गडकऱ्यांच्या 'भावबंधन' मधील लतिका, वीर वामनराव जोशी यांच्या 'रणदुंदुभि' मधील तेजस्विनी, सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग', अशा नाटकांनी त्यांचे नाव गावोगाव पोहोचविले. रामकृष्णबुवा वझे यांचा गंडा बांधलेल्या या गायकाची तान कशी होती, हे सांगण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. त्यांच्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. तीन मिनिटांच्या तबकडीत एवढा आवेश मावला कसा, याचे ऐकणाऱ्याला आजही नवल वाटते.

आम्हांस सांगावयाचे आहे ते निराळेच. त्या काळची नाटक कंपनी म्हणजे एक चालते गाव असे. नट, साथीदार, आचारी, रंगपट सांभाळणारे, पडदे ओढणारे, तिकिटे विकणारे, त्यांपैकी कित्येकांची कुटुंबे, शिवाय पडदे, पेटारे, दिवे, ऑर्गन, असा सारा संसार आगगाडीत घालून मुक्कामामागून मुक्काम करावयाचा. खेळ असो वा नसो, चूल दोन वेळा पेटलीच पाहिजे. पावसाने रस्ते अडले, गावात साथ आली, मुख्य नटाचा घसा बसला, की उत्पन्न थांबे आणि खर्च मात्र चालू राही. हा सगळा भार मालकाच्या, म्हणजे बहुधा त्याच मुख्य नटाच्या, माथ्यावर. गंगाजळी नाही, विमा नाही, मागे उभी राहणारी संस्था नाही. हौस, लौकिक आणि सावकार या तिघांवरच तो डोलारा उभा होता.

१९३१ च्या मार्चमध्ये गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' झळकला आणि पडदा बोलू लागला. चार-सहा आण्यांत दररोज गाणे ऐकावयास मिळू लागल्यावर संगीत नाटकाच्या मुक्कामाकडे कोण फिरकणार? बलवंतनेही काळाची पावले ओळखून चित्रपटात उडी घेतली. १९३४ सालच्या 'कृष्णार्जुन युद्ध' या बोलपटाने कंपनीला तारले नाही, उलट कर्जात घातले. पुढच्या आठ वर्षांचा वृत्तान्त कष्टाचा आहे. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी दीनानाथ गेले, त्या वेळी पाच भावंडांतील थोरली लता साडेबारा वर्षांची होती आणि धाकटा हृदयनाथ अवघा साडेचार वर्षांचा. घरोब्यातील मास्टर विनायकांनी या मुलीला काम दिले आणि त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर' या चित्रपटासाठी ती तोंडाला रंग लावून उभी राहिली. पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे, आणि तो इतका दैदीप्यमान आहे की त्या तेजात १९४२ चा अंधार दिसेनासा होतो. आमची तक्रार नेमकी येथेच आहे. लतादीदी निपजल्या म्हणून ते संकट सुफळ झाले, असे आपण मनाशी म्हणतो. ज्या नटांच्या, तबलजींच्या, पडदे ओढणाऱ्यांच्या घरी लता नव्हती, त्यांच्या मुलांचे काय झाले, हे कोणत्याही दिनविशेषात लिहिलेले नाही.

यावर एक ठरावीक उत्तर मिळते: कलावंतांना व्यवहार कळत नाही. या उत्तरात काहीसे तथ्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु बालगंधर्वांचा स्वभाव निराळा, गायकी निराळी, रसिकांचा लोट निराळा. आणि तरीही कर्ज आणि उतारवयातील ओढाताण त्यांच्याही वाट्यास आली. दोन भिन्न प्रकृतींच्या माणसांस एकच रोग जडतो, तेव्हा शहाणा वैद्य आधी विहिरीचे पाणी तपासतो. या रंगभूमीला व्यवहार कळत नव्हता म्हणावे, तर जुलै १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र येऊन 'मानापमान' चा जो प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी केला, त्याने मुंबईतील त्या काळच्या तिकीटविक्रीचे सारे अंदाज पालथे पाडले. राष्ट्रकार्यासाठी पैसा उभा करण्याचे सामर्थ्य या मंडळींत होते. स्वतःच्या म्हातारपणासाठी तो बाजूला पडावा, अशी सोय कोणीच केली नव्हती.

आता दुसरे खाते. तेंडुलकर कोणी धनिकपुत्र नव्हते. वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी, घर वांद्र्याच्या साहित्य सहवासात, आणि मुलाचे नाव ठेवले ते संगीतकार सचिन देव बर्मन यांच्या प्रेमापोटी. (हे बर्मनही फुटबॉलच्या ईस्ट बंगाल संघाचे निस्सीम भक्त होते, कलावंत आणि खेळाडू यांच्यात भिंत उभी करणारांनी हे ध्यानात ठेवावे.) या मुलाच्या गुणवत्तेबद्दल लिहावयाचे काही उरलेले नाही. २०० कसोटी सामने आणि शंभर आंतरराष्ट्रीय शतके यांवर आम्ही आणखी विशेषणे काय चढविणार? १९९८ च्या त्या शुक्रवारी आमच्या टेबलावर तपासावयाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि तो मध्यरात्रीपर्यंत सुटला नाही, एवढी कबुली येथे पुरे.

परंतु गुणवत्तेच्या पायाखाली एक शिडी होती. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांसारखा गुरू, शाळांची हॅरिस ढाल, भर पावसात खेळली जाणारी कांगा लीग, पुढे रणजी करंडक, अशी एकेक पायरी आधीच बांधलेली होती. घसरणाऱ्याला खालची पायरी तरी सापडे. आणि या शिडीला सोन्याचा मुलामा नंतर चढला, हे आजच्या पिढीला सांगूनही खरे वाटत नाही. जून १९८३ मध्ये लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकून आलेल्या खेळाडूंना देण्यास क्रिकेट मंडळाच्या तिजोरीत पुरेसा पैसा नव्हता. तेव्हा त्याच वर्षीच्या ऑगस्टात दिल्लीत एक जलसा झाला. त्यात विनामूल्य गावयास लता मंगेशकर उभ्या राहिल्या, विजयगीताची चाल हृदयनाथांनी बांधली, आणि त्या उत्पन्नातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देण्यात आले. एकेचाळीस वर्षांपूर्वी ज्यांच्या घरात कर्त्या पुरुषामागे काही उरले नव्हते, ती भावंडे विश्वविजेत्यांच्या बक्षिसाची तरतूद करीत होती! २४ एप्रिलला फळ्यावर आणखी काही लिहावयाचे, तर आम्ही हे लिहू.

त्यानंतर क्रिकेटचे दिवस पालटले, ते केवळ टाळ्या वाढल्या म्हणून नव्हे. सामन्यांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचे हक्क हे विकण्याजोगे धन आहे, हे मंडळाने ओळखले. ध्वनिलहरी ही कोणा एका खात्याची मिरास नसून सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. आणि आलेल्या पैशाचा काही भाग माजी खेळाडूंकडे वळला. मंडळाने २००४ मध्ये त्यांच्यासाठी निवृत्तिवेतन सुरू केले. एवढेच कशाला, ज्या शारजात तेंडुलकरांनी वाढदिवस साजरा केला, तेथील क्रिकेटची सुरुवातच १९८१ मध्ये भारत आणि पाकिस्तानच्या जुन्या खेळाडूंना थैली अर्पण करण्याच्या हेतूने झाली होती. त्या शारजाचे नाव पुढे सामनेनिश्चितीच्या संशयाने डागाळले, आणि आजच्या क्रिकेटच्या श्रीमंतीत ओंगळपणा नाही असे तर आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण थकलेल्या खेळाडूची आठवण ठेवावी, हा विचार त्या वाळवंटातल्या हिरवळीला सुचला. नाट्यवेड्या म्हणविणाऱ्या आमच्या शहराला तो पुरता सुचलेला नाही.

शासनाची वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देणारी योजना आहे, आणि ती बरीच जुनी आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. मात्र उत्पन्नाचा दाखला जोडून, अर्ज करून, आपली विपन्नता सिद्ध करून जे मिळते, ते निवृत्तिवेतनाच्या पंक्तीस बसत नाही. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून होत आहेत. त्यांनी असंख्य नट घडविले, हे निर्विवाद. परंतु स्पर्धेतून व्यवसायात आलेल्या नटाचा मोबदला आजही 'नाईट' वर ठरतो. प्रयोग झाला तर नाईट, रद्द झाला तर काही नाही. पडद्यामागच्या कामगाराची तीच कथा, फक्त आकडा लहान.

हा प्रश्न जुन्या काळचा आहे, असे ज्यांस वाटत असेल त्यांनी २०२० साल आठवावे. मार्चमध्ये नाट्यगृहांना कुलपे लागली. ती त्या वर्षाअखेर काही काळ निघाली, पुन्हा लागली आणि पुरती निघण्यास २०२१ चा ऑक्टोबर उजाडला. नाईटवर जगणाऱ्या रंगमंच-कामगारांच्या घरी शिधा पोहोचविण्यासाठी सहकारी कलावंतांना झोळी घेऊन हिंडावे लागले. त्याच २०२० च्या सप्टेंबरात आयपीएलचा सारा तंबू उठून संयुक्त अरब अमिरातीत गेला. दुबई, अबूधाबी आणि शारजा येथे रिकाम्या सज्जांपुढे सामने झाले आणि संबंधितांचे पगार झाले. महामारी दोघांवरही सारखीच कोसळली होती. दीनानाथांच्या वेळी बोलपट होता, या वेळी विषाणू होता, उद्या आणखी काही असेल. नाटकवाल्याच्या पाठीशी मात्र तेव्हाही काही नव्हते आणि आताही सहकाऱ्यांच्या दयाबुद्धीपलीकडे फारसे काही दिसले नाही.

दीनानाथांच्या नावाने मंगेशकर कुटुंबीयांच्या प्रतिष्ठानातर्फे दरवर्षी पुरस्कार दिले जातात. ती कृतज्ञता स्तुत्य आहे. पणजीच्या कला अकादमीतील रंगमंदिराला त्यांचे नाव आहे, आमच्या शहरात पार्ल्याच्या नाट्यगृहाला आहे. नावे पुष्कळ झाली. आमची सूचना साधी असून तिला खर्चही फारसा नाही. सार्वजनिक मालकीच्या नाट्यगृहांत जेवढे व्यावसायिक प्रयोग होतात, त्यांच्या भाड्यातील ठरावीक हिस्सा आणि तेवढाच निर्मात्याकडून, असा एक कायम निधी बांधावा, आणि त्यात नाईटवर काम करणाऱ्या प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असावे. अडचणी येतील, हे आम्ही जाणतो. निर्माते म्हणतील, धंदाच चालत नाही. अधिकारी म्हणतील, कामगार किती आहेत याची नोंदच नाही. दुसरा आक्षेप तर खराच आहे, आणि तो दूर करणे सर्वांत सोपे आहे. दीनानाथांचे नाव मिरविणाऱ्या पार्ल्याच्या नाट्यगृहातच उद्यापासून एक वही ठेवावी. प्रयोगाच्या रात्री दिवे लावणारा, नेपथ्य उभारणारा, कपड्यांना इस्त्री करणारा, पडदा ओढणारा, यांतील प्रत्येकाचे नाव, वय आणि त्या रात्रीची नाईट एवढेच तीत लिहावे. पुढच्या २४ एप्रिलच्या आत ती वही भरलेली असेल.