वेगापेक्षा तग

राउटर हा वर्ष-दोन वर्षांचाच सोबती. नेट सारखे तुटू लागले की जास्त अँटेनांचा, जास्त वेगाचा नवा आणावा, हे मत आज घरोघरी पक्के झाले आहे. दुकानदार ते सांगतो, शेजारी दुजोरा देतो आणि तक्रार करून थकलेला माणूस ते मान्य करतो. जयपूरच्या दक्षिणेला, टोंक रस्त्यावरच्या सीतापुऱ्यात या मताची परीक्षा घेऊन पाहावी. कारखाने, रत्न-दागिन्यांचे निर्यात क्षेत्र, महाविद्यालये आणि त्यांच्या भोवती वाढलेल्या वसाहती असा हा परिसर. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांकडे झेपावतो आणि आंधी आली की बंद खिडकीच्या फटीतूनही धूळ आत येते. इथे राउटर लवकर दम तोडतो तो नशिबाने नव्हे. निवडताना आपण त्याचा वेग पाहतो, तो तग धरेल का हे पाहत नाही, हे त्याचे कारण आहे.

घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात वापराच्या तापमानाची मर्यादा बहुधा ० ते ४० अंश सेल्सिअस अशी छापलेली असते. सीतापुऱ्यात उन्हाळी दुपारची हवाच हा आकडा ओलांडते. त्यात ते खोके टीव्हीच्या कपाटात, सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर, वरून विणलेले कापड घालून ठेवलेले. आतल्या सर्किटवर उभे असलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हा या यंत्राचा सर्वांत हळवा भाग. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. आतला द्रव सुकत जातो, सपाट माथा फुगून घुमटासारखा होतो आणि वीजपुरवठा स्थिर ठेवण्याचे काम त्याला झेपेनासे होते. ‘राउटरचे आयुष्यच तेवढे’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते आयुष्य पुष्कळदा आपणच कपाटात कोंडून घटवलेले असते.

यावर कोणी म्हणेल, दोष राउटरचा नाहीच, लाइनचा आहे. कधी कधी ते खरेही असते. पण त्यासाठी तर्क लढवण्याची गरज नाही, तपासून पाहता येते. फायबरच्या खोक्यावरचा एलओएस दिवा लाल झाला, तर बिघाड तारेत किंवा जोडात आहे. तक्रार कंपनीकडेच करावी. लॅन केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर नेट नीट चालते आणि वायफायवरच तुटते, तर भिंती, अंतर आणि शेजारच्या वायफायची गर्दी यांकडे पाहावे. राउटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर आधी अडॅप्टरवर संशय घ्यावा. १२ व्होल्टचा थकलेला अडॅप्टर दिवे पेटते ठेवतो, पण टीव्ही आणि चार मोबाइल एकदम चालू लागले की व्होल्टेज खाली येते आणि राउटर कोसळतो. तेवढ्याच व्होल्टचा, तितक्याच किंवा अधिक अँपिअरचा आणि तशाच पिनेचा अडॅप्टर लावून काम भागले, तर नवा राउटर कशाला? ‘रोज एकदा बंद-चालू करा’ हा सल्लाही असाच अपुरा. त्याने मेमरी मोकळी होते, ताप उतरतो. रोग तसाच राहतो.

महाग ते टिकाऊ, हा दुसरा आक्षेप. खोक्यावर ‘एएक्स ३०००’ लिहिलेले असते. हा आकडा म्हणजे ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२ आणि २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ मेगाबिट यांची ढोबळ बेरीज. बहुतेक मोबाइल एका वेळी एकाच पट्ट्यावर चालतात, आणि प्लॅन १०० मेगाबिटचा असेल तर बाहेरून येणारा ओघ तेवढाच राहणार. त्या बेरजेत उष्णतेबद्दल एक अक्षर नाही, सॉफ्टवेअरबद्दलही नाही. २०१६च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत डॉइशे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी विस्कळीत झाली, ती मिराई या घातक प्रोग्रामच्या एका अवताराने दूरस्थ देखभालीच्या वाटेने राउटरांवर चढवलेल्या हल्ल्यामुळे. म्हणून सुरक्षा-अपडेट किती वर्षे मिळणार हे स्पष्ट सांगणारा मध्यम किमतीचा राउटर, त्याबद्दल मौन पाळणाऱ्या महागड्या राउटरपेक्षा श्रेष्ठ मानावा.

कंपनी खोके फुकट देते, मग वेगळे का घ्यावे, हा प्रश्न रास्त आहे. फायबरचे खोके कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेले असते. ते सहसा परस्पर बदलता येत नाही, हेही मान्य. पण कंपनीकडून ते ब्रिज मोडवर करून घेऊन वायफायचे काम वेगळ्या राउटरकडे देता येते. कामे वाटली की उष्णता वाटली जाते आणि बिघडलेला भागच तेवढा बदलावा लागतो. राउटर निवडताना तापमानाची मर्यादा, हवा खेळेल अशी जाळी, सहज मिळणारा अडॅप्टर, वॉरंटी आणि अपडेट हे पाहून मगच वेगाकडे यावे. पितळी यंत्रे झिजतात, हलतात, मोजमाप चुकवतात, हे ओळखून जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात वेधशाळांसाठी दगडी यंत्रे उभारली. साधन कशाने दगा देते हे आधी पाहायचे आणि मग ते निवडायचे, ही रीत या शहराला नवी नाही. तेव्हा खरेदीला निघण्याआधी कपाटाचे दार उघडावे, ते विणलेले कापड काढावे आणि राउटर मोकळ्या हवेत ठेवून आठवडाभर पाहावे. त्यानंतरही नेट तुटत राहिले, तर कसा राउटर आणायचा हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही.